घरगाडीचा फ्रीज आणि माझे मावसे

विस्तव पेटवला की बर्फ तयार होतो, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. बाकीचं जग विस्तवावर भात शिजवतं, पाणी तापवतं, फार तर हात शेकतं. माझे मावसे विस्तवावर थंडी शिजवत. कुणी हसलं की त्याचा दंड धरून त्याला फ्रीजमागे नेत, वाकायला लावत, खालची ज्योत दाखवत, मग त्याच माणसाचा हात वरच्या कप्प्यात कोंबून म्हणत, "आता सांग, कोण खुळा?" पेणपासून रोह्यापर्यंत असा प्रश्न विचारलेली निदान शंभर माणसं तरी असतील, आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर मावशांनी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

ते फ्रीज वेगळेच. त्यांना मोटार नाही, आवाज नाही, वीज लागत नाही. खाली रॉकेलचा नाहीतर गॅसचा दिवा जळतो, त्याने पाठीमागच्या नळ्यांतलं औषधी पाणी तापतं, वर चढतं, फिरून खाली येतं, आणि आतली पेटी गार होते. असं का होतं हे मावशांनी मला अनेकदा समजावलं. मी दर वेळी मान हलवली आणि मला दर वेळी काही कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की तो फ्रीज अगदी सपाट उभा राहिला पाहिजे. दोन बोटं जरी कलला तरी नळ्यांतलं पाणी वाटेत अडून बसतं आणि दिवा नुसता जळत राहतो.

या सपाटीनेच मावशांचं नशीब उघडलं. ते मूळचे मिठागरातले. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी थापून थापून असा करावा लागतो, की खाडीचं पाणी आत घेतलं की सगळीकडे सारखं एक बोट उभं राहावं. मावशांचे तळपाय म्हणजे त्या कामातले मास्तर होते. मिठागराच्या मालकाच्या बंगल्यात तेव्हा रॉकेलवर चालणारा एक फ्रीज होता, आणि तो एकदा रुसला. मुंबईचा मिस्त्री पत्र लिहून लिहून येईना. मावसे मिठाची गोण ठेवायला आत गेले, अनवाणी पायांनी फरशीवर दोन पावलं चालले आणि म्हणाले, "शेट, तुमची जमीनच कललीया." फ्रीजच्या एका पायाखाली त्यांनी कौलाची खापरी सरकवली. दुसऱ्या दिवशी शेटच्या सरबतात बर्फ. त्या दिवशी मावशांनी मिठागर सोडलं आणि स्वतःला मिस्त्री म्हणायला सुरुवात केली. मावशी म्हणायची, "येका खापरीवर ह्या मानसानं सवसार मांडलाय गो."

पुढे ते डाकबंगल्यांतले, जंगलखात्याचे, दवाखान्यांचे फ्रीज दुरुस्त करू लागले. त्यांची हत्यारं पाहिली तर कुणी त्यांना दारात उभं केलं नसतं. धुरांड्यातली काजळी झाडायला कोंबड्याच्या शेपटीचं पीस, ज्योतीचं बारीक भोक साफ करायला नारळाच्या झाडूचा हीर, आणि सपाटी बघायला औषधाची एक चपटी बाटली. बाटलीत पाणी भरलेलं, वर एक बुडबुडा ठेवलेला. बुडबुडा मधोमध आला की मावशांच्या चेहऱ्यावर देव भेटल्यासारखं व्हायचं. पिसांमुळे आमच्या आळीतला एकही कोंबडा शेपटीने धड नव्हता. मावसे लांबून दिसले की कोंबडे कुंपणावरून उड्या मारत, आणि बायका त्यावरून ओळखत की फ्रीजवाले आले, स्वैपाकघराचं दार ओढून घ्या. कारण कुणाच्याही घरी गेले तरी मावसे आधी चुलीपुढे वाकायचे. स्टोव्हची ज्योत पिवळी दिसली की तिथेच बसून स्टोव्ह उघडायचे, मग त्यावरचा चहा कुणाचा का असेना. निळी दिसली तर त्या बाईचं कौतुक ते पुढे सात घरं करत. आमच्या आळीत एका सुनेचं सासूशी पटलं ते मावशांनी तिच्या ज्योतीची तारीफ केल्यावर, असं सगळे सांगतात.

बाटली तर ते कशावरही ठेवत. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाच्या पाटावर ठेवली. भटजी मंगलाष्टकं म्हणायला उभे, आणि मावसे पाटाखाली सुपारीचं खांड सरकवत बसलेले. माझ्या सासऱ्यांना वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनीही वाकून हात लावला. माझं माहेर जोह्याचं, तिथे घरोघर गणपती घडवतात. एका वर्षी मावसे तिथल्या कारखान्यात गेले आणि सुकत ठेवलेल्या गणपतीच्या फळीवर त्यांनी बाटली ठेवली. कारखानदार म्हणाला, "मावसा, द्येव हाय तो, फ्रीज नाय." मावसे शांतपणे म्हणाले, "मंग त्याला वाकडा का बसवलास?" फळी खरंच कलली होती. भांडण होता होता राहिलं आणि त्या वर्षीपासून तो कारखानदार दर मोसमात फळ्या मांडताना मावशांना बोलावू लागला. येताना ते पेढ्यांचा पुडा घेऊन येत, आणि मावशी तो हातात घेऊन आधी विचारी, "सपाट हाय ना?"

एखादा फ्रीज फारच हट्टाला पेटला, सपाट करूनही गार होईना, तर मावशांकडे शेवटचा उपाय होता. ते फ्रीज उलटा, डोकं खाली करून ठेवत. अर्धा दिवस तसाच ठेवायचा, मग सरळ करून उरलेला दिवस स्वस्थ उभा ठेवायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोह्याला भंगारात निघालेला एक फ्रीज बैलगाडीवर चुकून उलटा चढवला गेला, गचके खात पोचला आणि तिथे गंमत म्हणून पेटवला तर चालू लागला. मावसे त्या गाडीवर बसलेले होते. त्यांचं म्हणणं, फ्रीजच्या पोटात वारा धरतो, लेकराला पाजल्यावर धरतो तसा. म्हणून ते उलट्या फ्रीजशेजारी बसून त्याच्या पाठीवर हळूहळू थोपटायचे. मावशीला स्वतःची चार झाली, पण यांनी एकालाही कधी थोपटल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग आमच्या भागात गावोगाव वीज आली आणि मोटारीचे फ्रीज आले. मावशांनी त्यांना कधी फ्रीज म्हटलं नाही. "घरघर करतंय ती दळनाची चक्की," म्हणायचे, आणि लग्नाकार्यात कुणी त्यातलं थंड पाणी पुढे केलं तर माठातलं मागायचे. काम सुटत गेलं. हीर, पीस, बाटली खुंटीवरच्या पिशवीत गेली. मावसे ओटीवर बसून रस्ता बघू लागले, आणि मावशीला त्याची जास्त काळजी वाटू लागली, कारण ते आता तिच्या चुलीलासुद्धा नावं ठेवत नव्हते.

अशात एक दिवस कासूच्या बाजूने खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांच्या, रस्त्याला एक जीप आली. तिच्या मागे पांढरं घर जोडलेलं होतं. चाकांवरचं घर. खिडकीला पडदा, आत झोपायला फळी, भिंतीला कपाटं. एक डॉक्टरीणबाई त्यात राहायच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांतून फिरून लहान मुलांना गोवराची सुई टोचायच्या. पोरांनी गाडीला घरगाडी नाव दिलं. मावसे तिच्याभोवती एकदा फिरले. मागच्या बाजूला जाळीचं झाकण होतं, त्याला नाक लावून हुंगले, आणि पळत घरी आले. साठीचा माणूस खारीच्या बांधावरून पळताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. लग्नातला कोट घालून, पिशवी काखेत मारून ते परत गेले आणि बाईंना नाव-गाव न विचारता म्हणाले, "निळी जलते ना?"

बाईंना काही कळेना. मग मावशांनी झाकण उघडून दाखवलं. घरगाडीतला फ्रीज गॅसवर चालणारा होता. मोटार नाही, आवाज नाही. मावशांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, धूर गेला डोळ्यांत.

त्या दिवसापासून घरगाडी कुठेही असो, मावसे तिच्या मागे. जोह्याला थांबली तर जोह्याला, निडीला थांबली तर निडीला. चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट करायची, धुरांडं झाडायचं, ज्योत बघायची. बाई त्यांना मावसा म्हणू लागल्या, आणि मावसे गावात सांगू लागले की डॉक्टरीण सुई टोचते खरी, पण औषध मी जिवंत ठेवतो. ते खोटंही नव्हतं. बाई सांगत, हे औषध तापलं की मेलं. मग ते टोचलं काय आणि पाणी टोचलं काय.

आमच्या वाडीत आदल्या वर्षी गोवराची साथ येऊन गेली होती. दोन घरांतले पाळणे खुंटीला टांगले गेले ते पुन्हा खाली आले नव्हते. माझी लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. रात्री तिच्या कपाळाला हात लावल्याशिवाय मला झोप लागत नसे. मावशांची तिच्याशी गाठ पडण्याआधी, ते परगावी असताना, एकदा ही घरगाडी आमच्याकडे आली होती, तेव्हा वाटेत फ्रीज बंद पडला आणि बाईंनी सगळं औषध बायकांच्या देखत खड्ड्यात ओतलं होतं. पलीकडच्या वाडीतल्या बायका पोरांना कडेवर घेऊन बांध तुडवत आल्या होत्या, तशाच परत गेल्या. जाताना म्हणाल्या, परत बोलवू नका. आता दुसऱ्यांदा त्यांना तयार केलं होतं मावशांनी. घरोघर जाऊन शब्द दिला होता, की ह्या वेळी औषध मरणार नाही, फ्रीज माझ्या हाताखाली आहे. या वेळी चुकलं तर तिसऱ्यांदा कुणी येणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शिबिर दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी उजाडता उजाडता घरगाडी आली, आणि मावशांनी ती आमच्या घरामागे खारीच्या बांधाजवळ उभी करून घेतली. फळ्या लावल्या, बाटली ठेवली, बुडबुडा मधोमध. गावाला दिसावं म्हणून बाटली दोनदा ठेवली. सगळं झाक झालं म्हणून ते आमच्याकडे चहाला आले आणि माझ्या ज्योतीलासुद्धा त्यांनी बरं म्हटलं.

दुपारी बाईंनी फ्रीज उघडला आणि आतला पारा बघितला. फ्रीज तापत चालला होता. त्यांनी औषधाच्या बाटल्या घाईने बर्फाच्या डब्यात भरल्या आणि मावशांना सांगितलं, "मावसा, हा बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल. पाच वाजेपर्यंत फ्रीज गार झाला नाही, तर मी औषध घेऊन पेणला परत जाणार. दुसरा इलाज नाही."

मावशांनी कोट काढला. ज्योत पाहिली, निळी. गॅसची टाकी हलवून पाहिली, भरलेली. कोंबड्याचं पीस धुरांड्यात घालून बाहेर काढलं, स्वच्छ. कान लावला, हीर फिरवला, पुन्हा ज्योत पाहिली. वाडी गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, मावसा, सपाटी बघा की. मावशांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. "सपाटी मी केलीया," ते म्हणाले. तो विषय तिथेच संपला. गणपतीच्या फळीवरसुद्धा बाटली ठेवणारा माणूस स्वतःच्या कामावर शंका घेऊन पुन्हा बाटली ठेवायला तयार नव्हता. शेवटी त्यांनी कपाळ पुसलं आणि चार गड्यांना हाक मारली. म्हणाले, पोटात वारा धरलाय, काढा बाहेर, उलटा करू.

उलटा करायचा म्हणजे अर्धा दिवस उलटा आणि उरलेला दिवस सुलटा. म्हणजे शिबिर गेलं. बाईंनी हे ऐकलं आणि त्या जीपच्या किल्ल्या शोधू लागल्या.

मी त्या वेळी घरगाडीच्या आत होते. बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या म्हणून भात आणि मासळीचं कालवण वाढून नेलं होतं. थाळी मी फळीवर ठेवली होती. बघते तर कालवण भाताला वळसा घालून दाराच्या बाजूला निघालेलं. मी थाळी फिरवून ठेवली. कालवण पुन्हा दाराकडे. मी तिसऱ्यांदा फिरवली. कालवणाने ऐकलं नाही.

चार बायांतसुद्धा मला बोलता येत नाही, इथे तर अख्खी वाडी, वर डॉक्टरीणबाई. मी दारातून हळूच मावशीला बोलावून थाळी दाखवली. मावशी ती बघून पुटपुटली, "मी नाय गो सांगायची. मागं येकदा यांनी बसवलेला पाटा कललाय म्हनले मी, तर दोन दिस जेवले नाय. तूच सांग." आणि तिने मला पाठीमागून असं ढकललं, की मी थाळी हातात घेऊन थेट गड्यांच्या मधे येऊन उभी राहिले. त्यांनी फ्रीजला हात घातलेले. सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात पाळण्यात लेक रडत होती. मी खाली मान घातली आणि म्हटलं, "मावसा, कालवण दाराकडे धावतंय."

कुणी हसलं नाही. मावशांनी थाळीकडे पाहिलंच नाही. ते बांधापलीकडे खाडीकडे बघत राहिले. पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढलं होतं, आणि घरगाडीच्या त्या बाजूच्या चाकाखालची माती काळी, ओली झाली होती. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज आवस."

अमावस्येचं उधाण. सकाळी ओहोटीला जमीन खडखडीत होती तेव्हा त्यांनी गाडी सपाट केली. भर दुपारी उधाणाचं पाणी बांधाखालून पाझरलं, जमीन फुगली आणि एक चाक दोन बोटं रुतलं. मिठागरात जन्म काढलेला माणूस, आवस-पुनव ज्याच्या हाडात मुरलेली, तो कोट घालून मिस्त्री झाला आणि खाडीलाच विसरला. मावशांनी स्वतःच्या कानशिलावर दोन टपल्या मारल्या आणि एकदम असे ओरडले, की कोंबडे पुन्हा कुंपणावर. "हात काढा रं त्याच्यावरचा! गाडी देवळाफुडं न्या!"

मारुतीच्या देवळापुढे दगडी फरसबंदी आहे, तिथे पाणी पाझरत नाही. जीपने ओढ घेतली, चाक चिखलात फिरू लागलं. मग गडी लागले, बायका लागल्या, मावशीने पदर खोचला. मीही ढकलत होते, थाळी कुठे ठेवली ते मला आजवर आठवत नाही. कुणी फळ्या टाकतंय, कुणी पेंढा, बाई स्वतः चिखलात गुडघ्यापर्यंत. घरगाडी एकदा मागे आली, एकदा जागीच डोलली, आणि मग अशी सुटली की पुढची पोरं बाजूला उड्या टाकून वाचली. फरसबंदीवर मावशांनी फळ्या लावल्या. बाटली मात्र त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू ठेव. तू बघ." मी ठेवली तसा बुडबुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. थांबला तेव्हा मधोमध होता.

तीन वाजले, काही नाही. चार वाजले. बाई दर थोड्या वेळाने पारा बघत आणि दार लावून घेत. मावसे देवळाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. पाचला बाईंनी दार उघडलं, बराच वेळ आत वाकल्या आणि तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "उतरतोय." मावशीने मारुतीला नमस्कार केला आणि मावशांना दोन शब्द सुनावले. ते त्यांनी ऐकून घेतले.

सकाळी बायका आल्या. पलीकडच्या वाडीतल्याही आल्या, बांधावरून एकामागे एक, कडेवर पोरं. मावशांना सुई बघवत नसे. ते घरगाडीच्या मागे, फ्रीजच्या जाळीपाशी उभे राहिले. आतून पहिलं पोर किंचाळलं, तसे ते म्हणाले, "पोचलं." दुसरं रडलं, "पोचलं." दर रडण्याला त्यांचा चेहरा फुलत होता. एक बाळ टोचल्यावर नुसतं बघत राहिलं, रडलंच नाही, तर मावसे घाबरून पुढे धावत आले आणि बाईंना विचारू लागले, की ह्याला लागलं नाय का. माझ्या लेकीने तर असा सूर लावला की देवळाच्या कळसावरचे कावळे उडाले. मावसे तिला माझ्याकडून घेऊन सगळ्या वाडीला दाखवत फिरले.

पुढे सहा वर्षं घरगाडी येत राहिली. मग जवळच्या दवाखान्यात विजेचा फ्रीज आला, बाईंची बदली झाली आणि घरगाडी कुठे गेली ते कळलं नाही. मावसे म्हातारे झाले, नजर मंद झाली. सकाळी ते काठी टेकत एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसायचे. तिथून पोरं-पोरी रोह्याच्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला जातात. मावसे एकेकाकडे डोळे बारीक करून बघत. पोरं आपसात हसत, काय बघतो हा म्हातारा म्हणून.

माझी लेक नोकरीला लागली, त्या पहिल्या दिवशी मी तिला पोचवायला थांब्यावर गेले होते. मावसे उठून उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू सगल्यांत जोरात रडली व्हतीस गो." तिला काही कळलं नाही. ती हसून "हो आजोबा" म्हणाली आणि बसमध्ये चढली. बस निडीच्या दिशेला वळेपर्यंत मावसे उभेच होते. मला वाटलं, संध्याकाळी ती विचारील, तेव्हा सगळं सांगेन. ती दमून आली आणि जेवून झोपली. मलाही आपणहून विषय काढता आला नाही. आता मावसे नाहीत, म्हणून लिहून ठेवलं.